गणराज्याचा पाठ आणि शाहू महाराजांचा फोटो

जूनच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या सातवीच्या वर्गात दरवर्षी एक गंमत होते. नागरिकशास्त्राच्या तासाला संविधानाची उद्देशिका चालू असते. 'गणराज्य' हा शब्द मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते आणि सांगते, की आपल्याकडे राजा नाही, राष्ट्रप्रमुखाचं पद बापाकडून मुलाकडे जात नाही, ते निवडून द्यावं लागतं. आणि त्याच आठवड्यात २६ जून येतो, म्हणजे राजर्षी शाहू महाराजांची जयंती. मग त्याच मुलांना रांगेत उभं करून आम्ही एका राजाच्या प्रतिमेला हार घालतो, घोषणा देतो, आणि पाऊस उघडला तर मलकापूरच्या बाजारपेठेतून प्रभातफेरीही काढतो. (पाऊस सहसा उघडत नाही. आंब्याच्या पायथ्याला राहणाऱ्यांना हे सांगायला नको.)

यंदा पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, राजा नको म्हणून आपण संविधान केलं न्हवं? मग राजाची जयंती का करायची?" वर्ग हसला. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "आणि असला राजा असंल, तर मतदान तरी कशाला पायजे?"

प्रश्न दोन होते आणि एकमेकांच्या अगदी उलटे होते. तिला राजा खटकत होता. त्याला राजा इतका आवडला होता, की त्याच्यापुढं संविधानच खटकायला लागलं होतं. तास संपत आला होता, म्हणून "उद्या बोलू" असं सांगून मी खडू ठेवला. त्या 'उद्या'साठी मी जो विचार केला आणि वर्गात जे घडलं, ते शिक्षक मित्रमैत्रिणींसाठी आणि पालकांसाठी इथं मांडते आहे. दुसऱ्या प्रश्नाची मला काळजी वाटते हे आधीच सांगून टाकते.

आधी आपल्या गावाचं बघू. मलकापूर हे काही शाहू महाराजांच्या थेट अंमलाखालचं गाव नव्हतं. इथं विशाळगडच्या पंतप्रतिनिधींची जहागीर होती. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी विशाळगडाची तटबंदी पाडली आणि जहागिरीचं ठाणं गडावरून खाली मलकापुरात आलं. ही जहागीर कोल्हापूरची मांडलिक. म्हणजे आपल्या पणजोबांच्या डोक्यावर एकावर एक तीन मजले होते. आधी जहागीरदार, त्यांच्यावर कोल्हापूरचे छत्रपती, आणि सगळ्यांच्या वर इंग्रज. राजेशाहीचा कंटाळा यायला एवढे मजले पुरेसे आहेत. तरीपण आज गावातल्या घरांत, दुकानांत, सोसायटीच्या कार्यालयात फोटो दिसतो तो शाहू महाराजांचा. जवळच्या धन्याचा नाही, लांबच्या राजाचा.

आमच्याच घरातलं सांगते. माझे आजोबा लाल बावट्याचे. संस्थानात प्रजा परिषदेची चळवळ सुरू झाली तेव्हा ते पंचविशीत होते, पुढं शेतकरी कामगार पक्षात गेले. 'सरकार', 'हुजूर', 'महाराज' असले शब्द त्यांना चालत नसत. कोणी कौतुकानं जुन्या वाड्याच्या गोष्टी सांगायला लागला, की म्हणायचे, "त्या वाड्याच्या भिंतीला आमची वेठ लागलीय, त्ये सांग आधी." घरात देवाचेही फोटो नव्हते. पण पडवीत तीन फोटो होते, जोतिबा फुले, मार्क्स आणि शाहू महाराज. लहानपणी मला मार्क्सची दाढी आणि महाराजांचा फेटा शेजारी शेजारी बघायची इतकी सवय झाली होती, की त्यात काही विसंगत आहे हे कॉलेजात गेल्यावर कळलं. तेव्हा आजोबांना विचारलं. ते एवढंच म्हणाले, "ह्यो नसता तर मी कुळवामागंच ऱ्हायलो असतो."

आजोबा मराठा बोर्डिंगात राहून शिकले होते. घरातले पहिले सही करणारे.

आता कोणी म्हणेल, मग काय, मिठाला जागले. फायदा झाला म्हणून प्रेम. पण मला हे उत्तर अपुरं वाटतं. फायदा करून देणारे राजे पुष्कळ झाले. पूल बांधले, तलाव बांधले, इस्पितळं काढली. लोकांनी पाणी घेतलं, औषध घेतलं, आणि राजाचं नाव विसरून गेले. कोनशिलेवर नाव असतं, पण ते वाचायला कोण थांबतं? शाहू महाराजांच्या बाबतीत तसं झालं नाही. ६ मे २०२२ ला त्यांच्या निधनाला १०० वर्षं झाली, तेव्हा सकाळी कोल्हापूर १०० सेकंद स्तब्ध उभं राहिलं. शंभर वर्षांपूर्वीच्या बोर्डिंगच्या फुकट जेवणासाठी आज कोणी रस्त्यात थांबत नाही.

मला यात तीन-चार गोष्टी दिसतात. त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे वेदोक्त प्रकरण. आपल्या पाठ्यपुस्तकात ते दोन ओळींत उरकलेलं असतं, आणि मुलांना 'वेदोक्त' हा शब्द परीक्षेपुरता पाठ होतो. मी मात्र त्याला एक अख्खा तास देते. विसाव्या शतकाच्या अगदी तोंडावर, पंचगंगेवर स्नानाला गेलेल्या राजाच्या लक्षात आलं, की पुरोहित वेदोक्त मंत्र म्हणत नाही, पुराणोक्त म्हणतो आहे. कारण पुरोहिताच्या हिशेबात राजा शूद्र. ज्याच्या नावानं राज्याचे हुकूम निघतात, त्याला त्याचाच पगारी पुरोहित सांगतो की तुमची पायरी ही. इथं मी मुलांना थांबवते आणि विचारते, "तुम्हाला कोणी कधी तुमची पायरी दाखवलीय का?" सुरुवातीला वर्ग शांत असतो. मग एकेक हात वर येतो. कोणाला लग्नाच्या पंगतीत वेगळं बसवलेलं असतं, कोणाला मामाच्या गावी विहिरीवरून हटकलेलं असतं, कोणाला 'तुम्हाला काय शाळा जमणार' असं ऐकवलेलं असतं. म्हणजे सिंहासनावर बसलेल्या माणसाला झालेली जखम आणि वर्गातल्या पोराला झालेली जखम एकाच जातीची. ही ओळख पटली, की मुलं राजाकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतात.

पण जखम झाली म्हणून कोणी मोठा होत नाही. अपमान झालेली माणसं पुष्कळदा आपल्यापुरती वरची पायरी मिळवतात आणि खालच्याला लाथ मारतात. महाराजांनीही स्वतःचा क्षत्रियत्वाचा हक्क सोडला नाही, त्यासाठी ते शेवटपर्यंत भांडले. फक्त ते तिथं थांबले नाहीत. १८९४ साली त्यांच्या हाती कारभार आला, तेव्हा दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. २६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये हुकूम निघाला, की यापुढं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांच्या लोकांनी भराव्यात. त्या वेळी महाराज विलायतेत होते, सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी गेलेले. एका राजाच्या थाटामाटाच्या सोहळ्याला गेलेला दुसरा राजा तिकडून आपल्या राज्यातल्या नोकऱ्या खालच्या माणसाला वाटतो आहे. हे चित्र मला फार आवडतं. मुलांनाही आवडतं.

आणि दुसरी गोष्ट चहाची. ही गोष्ट कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहुतेक शिक्षकांना माहीत असेल, तरी सांगते, कारण ती सांगताना काय गाळायचं नाही हे महत्त्वाचं आहे. गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मार बसला. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. एवढ्यावर गोष्ट संपली असती, तर ती न्यायी राजाची नेहमीची गोष्ट झाली असती. अकबर-बिरबलात अशा ढीगभर आहेत. पण महाराजांनी गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली, आणि त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल टाकलं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? मग महाराजांची गाडी त्या हॉटेलासमोर थांबायला लागली. ते स्वतः चहा मागवायचे आणि गाडीत बरोबर असतील त्या सगळ्यांना प्यायला लावायचे.

ही गोष्ट मी सांगते तेव्हा वर्गात मला एक फरक दाखवायचा असतो. मारणाऱ्याला शिक्षा केली, ती राजाच्या अधिकारानं. तिथं त्यांना स्वतःचं काहीच घालवावं लागलं नाही. चहा प्यायले, ते मात्र स्वतःच्या तोंडानं. तिथं हुकूम चालत नाही. त्या काळात ज्या गोष्टीनं माणूस बाटतो म्हणत, ती गोष्ट त्यांनी भर रस्त्यात, लोकांच्या डोळ्यांदेखत केली. लोक ज्या राजावर जीव टाकतात, त्यानं स्वतःचं काहीतरी पणाला लावलेलं असतं. नुसती तिजोरी उघडणं पुरत नाही, कारण तिजोरी शेवटी रयतेचीच असते आणि हे रयतेला चांगलं कळतं. माझ्या आजोबांना तर फारच चांगलं कळायचं.

तिसरी गोष्ट मला माणगावची वाटते. २१ आणि २२ मार्च १९२० ला आजच्या हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तेव्हा ते तिशीही न गाठलेले तरुण प्राध्यापक होते, 'मूकनायक' सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते आणि त्या पत्राला महाराजांनीच अडीच हजारांची मदत केली होती. या परिषदेत महाराजांनी जमलेल्या लोकांना सांगितलं, की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. याचा अर्थ नीट बघा. समोर प्रजा बसली आहे, आणि राजा तिला सांगतो आहे की माझ्याकडे नको, ह्यांच्याकडे बघा. राजेशाहीची रीत याच्या बरोबर उलटी असते. तिथं प्रजेनं कायम वर, गादीकडेच बघायचं असतं. त्याच परिषदेत महाराजांचा वाढदिवस सणासारखा साजरा करावा असा ठराव झाला. म्हणजे आपण २६ जूनला करतो ती जयंती दरबारी हुकमानं सुरू झाली असं नाही, तिच्या मुळाशी माणगावला जमलेल्या अस्पृश्य समाजाचा ठराव आहे. पहिल्या बाकावरच्या मुलीला मी हेच सांगितलं. त्या ठरावाच्या वेळी अध्यक्ष असलेला माणूसच पुढं तुझ्या पुस्तकातल्या संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. तिनं वहीत ते दोनदा लिहून घेतलं.

'राजर्षी' ही पदवीही अशीच. इंग्रजांनी दिलेल्या पदव्यांची माळ त्यांच्या नावापुढं लागायची, ती आज कोणाला आठवत नाही. राजर्षी हे नाव १९१९ साली कानपूरच्या कुर्मी क्षत्रिय परिषदेत मिळालं, आणि तेवढंच टिकलं.

आता दुसरी बाजू. ती न सांगता नुसत्या आरत्या ओवाळल्या, तर मुलं काही दिवसांनी स्वतः शोधून काढतात आणि मग आपल्यावरचा त्यांचा विश्वास उडतो. शाहू महाराज इंग्रजांशी दोस्ती ठेवून होते, पहिल्या महायुद्धात त्यांनी सैन्यभरतीला मदत केली. त्यामुळं स्वातंत्र्याच्या चळवळीतल्या अनेकांचा त्यांच्यावर राग होता, तो आजही अधूनमधून वर येतो. त्यांना शिकारीचा भारी नाद होता, चित्ते पाळून शिकार करायचे. (चित्त्यांचा विषय निघाला की अर्धा तास गेलाच समजा.) आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या हयातीत कोल्हापुरात जबाबदार राज्यपद्धती आली नाही. शेवटचा शब्द राजाचाच राहिला. तीच मागणी घेऊन १९३९ साली माधवराव बागलांच्या पुढारपणाखाली प्रजा परिषद उभी राहिली.

बागलांचं उदाहरण मला या सगळ्या प्रश्नाची किल्ली वाटतं. घर सत्यशोधक, वडील खंडेराव बागल 'हंटर' नावाचं पत्र चालवायचे. माधवराव स्वतः चित्रकार. शाहू महाराजांवर त्यांची मनापासून भक्ती. आणि तरी हाच माणूस महाराजांच्याच मुलाच्या राजवटीविरुद्ध उभा राहिला, तुरुंगात गेला, संस्थान विलीन व्हावं म्हणून झटला. बापावर प्रेम आणि मुलाच्या गादीला विरोध! यात त्यांना काही विसंगती वाटली नाही. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. पुढच्याच वर्षी, ९ डिसेंबर १९५० ला, बागलांच्या पुढाकारानं कोल्हापुरात बिंदू चौकात दोन अर्धपुतळे बसले, महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे. बाबासाहेब तेव्हा हयात होते. राजांच्या शहरात, भर चौकात, दोन बिनराजांचे पुतळे. हे ज्यानं केलं तो शाहूभक्त होता. पुढच्या पिढीत कॉम्रेड गोविंद पानसरे कम्युनिस्ट असून शाहू महाराजांवर लिहीत आणि बोलत राहिले, तेही याच रांगेतले. आमच्या आजोबांची पडवी काही जगावेगळी नव्हती म्हणायची.

कोल्हापूरच्या लोकांनी माणूस आणि गादी यांची वाटणी फार पूर्वीच करून ठेवली आहे. मतपेटीतही ती दिसते. २००९ च्या लोकसभेला याच घराण्यातले संभाजीराजे उभे होते आणि ते अपक्ष सदाशिवराव मंडलिकांकडून हरले. २०२४ ला याच घराण्यातले शाहू छत्रपती निवडून आले. मी कोणत्या पक्षाची बाजू घेत नाही, मत कोणाला द्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. मुद्दा एवढाच, की ज्या मतदारांच्या घरात महाराजांचा फोटो आहे, त्यांनीच एकदा नाही म्हटलं आणि एकदा हो. राजघराण्याला लोकांपुढं मत मागायला यावं लागणं, हीच 'गणराज्य' या शब्दाची मला सापडलेली सगळ्यात सोपी व्याख्या आहे. मुलांनाही ती पटकन कळली.

सगळंच प्रेम अशा कर्तृत्वातून येतं असं नाही. काही राजांवर लोक कीव येऊन प्रेम करतात. शाहू महाराजांच्या आधीचे चौथे शिवाजी महाराज, ज्यांना वेडे ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं आणि जे २५ डिसेंबर १८८३ ला गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत गेले, त्यांच्याबद्दल कोल्हापूर हळहळलं ते त्यांनी काही केलं म्हणून नव्हे, त्यांच्यावर अन्याय झाला म्हणून. सत्तावन्नच्या वेळच्या चिमासाहेबांना कराचीला पाठवलं, त्यांच्याबद्दलही तसंच. ही माया खरी असते, पण तिच्यात शिकण्यासारखं कमी असतं.

उलट औंधचं उदाहरण वर्गात जरूर सांगा. सातारकडचं हे छोटंसं संस्थान. १९३९ सालीच, म्हणजे आपल्याकडे प्रजा परिषद जबाबदार राज्यपद्धती मागत होती त्याच साली, औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपण होऊन प्रजेला राज्यघटना दिली. गांधीजींचा सल्ला, मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या गृहस्थाची मेहनत आणि राजपुत्र अप्पा पंतांचा उत्साह. गावोगावच्या पंचायतींकडे कारभार गेला. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे राजे म्हणून त्यांना ओळखणारे पुष्कळ आहेत, पण त्यांनी स्वतःची सत्ता स्वतःच्या हातानं खाली ठेवली हे मुलांना कोणी सांगत नाही. परदेशातलं एक उदाहरण द्यायचं तर नॉर्वेचं. १९०५ साली डेन्मार्कच्या राजपुत्राला तिथली गादी देऊ केली, तर तो म्हणाला, आधी लोकांना विचारा त्यांना राजा हवा का. मतदान झालं, लोक हो म्हणाले, मग तो हाकोन सातवा म्हणून गादीवर आला. त्याचा मुलगा ओलाफ १९७३ च्या तेलटंचाईत मोटारीवर बंदी असताना साध्या लोकल गाडीत प्रवाशांबरोबर बसून गेला आणि तिकिटाचे पैसे पुढं केले. आमच्या पोरांना राजा एस.टी.त बसल्यासारखं वाटलं. "मग हाफ तिकीट का फुल्ल?" असा प्रश्न आलाच.

आता मागच्या बाकावरच्या मुलाचा प्रश्न. असा राजा असेल तर मतदान कशाला?

हा प्रश्न फक्त मुलाचा नाही. पालकसभेत एक पालक मला अगदी कळवळून म्हणाले होते, "मॅडम, आता असाच येक राजा पायजे बघा. ह्ये पुढारी कायबी कामाचं न्हाईत. एकानं हुकूम सोडायचा, बाकीच्यांनी गप ऐकायचं." मी त्यांना विचारलं, "आणि राजा वाईट निघाला तर?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग काय, नशीब आपलं."

हे 'नशीब आपलं' मी वर्गात घेऊन गेले. महाराज जन्मानं कोल्हापूरच्या गादीचे वारस नव्हते. कागलच्या घाटगे घराण्यातला यशवंत नावाचा मुलगा. १७ मार्च १८८४ ला, दहा वर्षंही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, चौथ्या शिवाजी महाराजांच्या राणीसाहेबांनी त्याला दत्तक घेतलं. बडोद्याचे सयाजीराव तर नाशिककडच्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरातले, तेही दत्तकच. मी मुलांना म्हटलं, समजा त्या दिवशी दुसराच कोणी मुलगा निवडला असता तर? तो आळशी असता, लहरी असता, नुसता शिकारीच करत बसला असता तर? कोल्हापूरच्या लोकांच्या हातात काय होतं? बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तोच मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "म्हंजे लॉटरी लागली म्हणायची आपल्याला." मी म्हटलं, हो, आणि लॉटरी लागलेला माणूस तिकिटाला जपून ठेवतो, पण शहाणा असेल तर लॉटरीच्या भरवशावर संसार करत नाही.

मग एक तक्ता केला, तो तुम्हालाही वापरता येईल. पहिल्या रकान्यात महाराजांचा निर्णय: निम्म्या जागा, सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, १९१८ साली महार वतनं रद्द करणं, वेठ बंद करणं. दुसऱ्या रकान्यात, तो कोणी घेतला? सगळीकडे एकच नाव. तिसऱ्या रकान्यात, पुढच्या राजानं तो मोडला असता तर कोणाकडे दाद मागायची? हा रकाना मुलांनी बराच वेळ कोरा ठेवला. एकानं 'इंग्रज' लिहिलं, ते वर्गानं खोडायला लावलं. मग चौथा रकाना: आज ही गोष्ट कुठं लिहिली आहे? त्यात मुलांनी पुस्तक उघडून शोधलं. संधीची समानता, अस्पृश्यता पाळण्याला बंदी, वेठबिगारीला बंदी, शिक्षणाचा हक्क.

शिक्षणाच्या ओळीवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो. १९१७ च्या महाराजांच्या कायद्यात मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड होता. तेव्हाचा रुपया, मजुरी करणाऱ्याला परवडणारा नव्हे. त्या कायद्यात पालक राजाला उत्तर द्यायला बांधलेला होता. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या कायद्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा शिक्षण हा हक्क आहे, आणि उत्तर द्यायला सरकार बांधलेलं आहे. गोष्ट तीच, मूल शाळेत आलं पाहिजे. पण कोण कोणापुढं उभा आहे ते बदललं. आमच्या तालुक्यातल्या धनगरवाड्यांवरून पावसाळ्यात ओढे ओलांडून येणारी पोरं आम्ही बघतो. वाटेवर साकव नाही म्हणून मूल घरी राहिलं, तर दंड कोणाला व्हायला पाहिजे, हा प्रश्न मी वर्गात विचारला आणि उत्तर दिलं नाही. दोन मुलांनी नगरपरिषदेला पत्र लिहायचं ठरवलं होतं. वाड्या नगरपरिषदेच्या हद्दीत येत नाहीत, ते पंचायत समितीचं काम, हे त्यांना समजावून सांगितलं. आता पत्र तिकडे जाईल. राजा असता तर एकच पत्ता लागला असता, अशी तक्रार एकानं केली. खरी आहे ती. लोकशाहीत पत्ते फार.

राधानगरीचं धरण महाराजांनी सुरू केलं, पण ते त्यांच्या डोळ्यांदेखत पुरं झालं नाही, त्यांच्या पश्चात झालं. दर पावसाळ्यात त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडले की सगळा जिल्हा बातम्या बघत बसतो. आजोबाही रेडिओला कान लावून बसायचे. "किती दरवाजे?" म्हणायचे. सात म्हटलं की काळजी.

पुढच्या महिन्यात सातवीची सहल कोल्हापूरला न्यायची आहे. बिंदू चौक बघायचा आहे, आणि दसरा चौकाच्या आसपासच्या बोर्डिंगांच्या पाट्या वाचायच्या आहेत. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, आणि मिस क्लार्क. पाट्या वाचल्या की प्रश्न येणार हे मला आत्ताच दिसतंय: जाती मोडायला निघालेल्या राजानं जातीजातींची वेगळी बोर्डिंगं का काढली? त्या वेळी एका पंगतीला बसायला कोणी तयार नव्हतं, म्हणून आधी प्रत्येकाच्या पोराला शहरात डोकं टेकायला जागा दिली, हे एक उत्तर. पण तेवढ्यानं आमची सातवी गप्प बसणार नाही. म्हणून पालकांना विनंती आहे, की तुमच्या घरात कोणी आजोबा, मामा, शेजारी त्या बोर्डिंगांत राहून शिकलेले असतील, तर त्यांना एका शनिवारी सकाळी शाळेत पाठवा. पंगतीला कोण कोणाशेजारी बसायचं, एवढंच त्यांनी मुलांना सांगितलं तरी चालेल.